पर्पल मार्टिनची दुसरी वीण: रब्बीचं पीक की दुबार पेरणी?

गेल्या जूनमध्ये एका रात्री अकरा वाजता ताईचा फोन आला. ती टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात राहते, तिकडे भर दुपार. "अरे, सात नंबरात परत अंडी!" सात नंबर म्हणजे पर्पल मार्टिन पक्ष्यांच्या घरट्यांसाठी तिच्या परसात खांबावर टांगलेला सातवा पोकळ भोपळा. मेच्या शेवटी त्यातून पाच पिल्लं उडाली होती, घरटं रिकामं झालं होतं, आणि आता जेमतेम पंधरा दिवसांत तिथे चार पांढरीशुभ्र अंडी. "एकाच हंगामात दुसरी वीण! शेजारचे आजोबा पंचवीस वर्षं मार्टिनची घरं लावतायत, ते म्हणतात असं क्वचितच होतं."

मी विचारलं, "पण मादी तीच आहे कशावरून?"

फोनवर शांतता. मग "तू ना, अगदी..." आणि पुढचा शब्द इथे लिहीत नाही.

प्रश्न खवचट होता, मान्य. पण पर्पल मार्टिनच्या दुसऱ्या विणीची सगळी गोम त्या एका प्रश्नात आहे. ताईला फोनवर जे धड समजावता आलं नाही, ते इथे सावकाश लिहितो.

पर्पल मार्टिन ही भिंगरीच. आपल्याकडे पुलाखाली मातीचं घरटं करणाऱ्या आणि विजेच्या तारांवर ओळीने बसणाऱ्या भिंगऱ्यांची ही अमेरिकेतली बहीण, पण अंगाने थोराड. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये हीच सगळ्यात मोठी. मोठी म्हणजे तरी किती, तर वजन ५० ग्रॅमच्या आसपास. पूर्ण वाढीचा नर निळा-काळा आणि तेल लावल्यासारखा चकचकीत. ऊन पडलं की जांभळी झाक मारतो, त्यावरून नाव. माद्या आणि वर्षभराचे तरुण पक्षी पोटाकडून करडे. खाणं फक्त उडते किडे, तेही हवेतल्या हवेत पकडून: चतुर, भुंगे, माश्या, उडत्या मुंग्या, फुलपाखरं. हा पक्षी दिवसाला दोन हजार डास खातो, ही थाप १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिल गावातून देशभर पसरली. त्या गावात मार्टिनसाठी ॲल्युमिनियमची घरं बनवणारा कारखाना होता, एवढं सांगितलं की बाकीचं आपण समजून घ्यावं. डास संध्याकाळनंतर जमिनीलगत, मार्टिन दिवसा आणि बराच उंच. दोघांची गाठ पडणार कधी?

हिवाळा हा पक्षी दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढतो आणि विणीसाठी उत्तरेला येतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांत राहतात. पश्चिमेला ते अजून सुतार पक्ष्यांनी कोरलेल्या ढोल्यांत आणि सोनोरन वाळवंटात सग्वारो निवडुंगाच्या पोकळ्यांत घरटं करतात, पण पूर्वेला ती सवय सुटली. याची सुरुवात मूळच्या अमेरिकन लोकांनी केली. चोक्टॉ आणि चिकासॉ लोक झोपडीजवळच्या झाडाच्या फांद्या छाटून त्यांच्या खुंटांवर पोकळ भोपळे टांगतात, अशी नोंद अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली आहे. हा भोपळा म्हणजे आपल्या दुधीचीच जात. कोवळा असताना भाजी, वाळला की लाकडासारखं कवच. मिरजेला त्याचेच तंबोरे होतात. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे भोपळे आलेत आणि ते दोरीने वरखाली करता येतात.

घरं लावणाऱ्या माणसांना तिकडे चक्क 'घरमालक' म्हणतात. भाडं शून्य, आणि भाडेकरू दरवर्षी त्याच वसाहतीत हक्काने परत येतो. पागडीची खोलीच म्हणा.

दुबार पेरणी आणि दुसरं पीक

जून कोरडा गेला, पेरलेलं करपलं, म्हणून जुलैत पुन्हा बी टाकलं, तर त्याला कोणी वर्षातलं दुसरं पीक म्हणत नाही. ती दुबार पेरणी. खरीप पदरात पडला, धान्य घरात आलं आणि मग त्याच रानात हरभरा घेतला, तर ते दुसरं पीक. रानात दोन्ही वेळा पेरलेलंच दिसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळणार नाही, शेतकऱ्याला विचारावं लागतं.

मार्टिनचंही तसंच. पहिली अंडी किंवा पिल्लं गेली म्हणून मादीने पुन्हा अंडी घातली, तर ती दुबार पेरणी. ती सर्रास होते, आणि हंगाम फार पुढे गेलेला नसेल तर उत्तरेतसुद्धा होते. पहिल्या विणीतलं निदान एक पिल्लू उडून गेलं, आणि त्याच मादीने त्याच हंगामात पुन्हा अंडी घातली, तर ती खरी दुसरी वीण. ही दुर्मीळ आहे. जिथे आढळते तिथे बहुधा दक्षिणेत, म्हणजे टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडा या पट्ट्यात.

पहिलं घरटं बुडायला कारणं कमी नाहीत. तिकडचा रॅट स्नेक म्हणजे आपल्या धामणीसारखा बिनविषारी, झाडावर चढण्यात पटाईत साप. खांबाला पत्र्याचा गोल अडसर नसेल तर एका रात्रीत दोन-तीन भोपळे रिकामे करतो. रकून चढतो, मोठं शिंगी घुबड पंजा आत घालून पक्षी ओढून काढतं. आणि घरचिमणी. होय, आपलीच. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणून सोडली गेली आणि मग सगळ्या खंडभर झाली. मार्टिनच्या खोलीत शिरून ती अंडी फोडते, पिल्लं मारते आणि वर स्वतःचा गवताचा भारा भरून बसते. इथे नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, आपण गॅलरीत चिमण्यांसाठी खोकी टांगतो. आणि तिकडे ताईसारखी सोज्वळ बाई चिमण्यांचं घरटं दिसलं की दात-ओठ खात उपसून टाकते. पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा मला ऐकवेना. पण चिमणी तिथे बाहेरून आणलेली आहे आणि कायद्यानेही तिला संरक्षण नाही, हे खरं.

पाऊस या सगळ्यांपेक्षा वाईट. थंडी-पावसात किडे उडत नाहीत, आणि जमिनीवरचं टिपून खायची मार्टिनला सवय नाही. तीन-चार दिवस सलग असे गेले की मोठे पक्षीसुद्धा उपाशी मरतात. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाचा पाऊस पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत दिवसेंदिवस पडत राहिला, तेव्हा कित्येक वसाहतींत पिल्लं आणि त्यांचे आईबाप दोन्ही संपले. तिथे दुबार पेरणी करायलाही कोणी उरलं नव्हतं.

हिशेब दिवसांचा

खरी दुसरी वीण इतकी कमी का? बरेच जण सरळ म्हणतात, "परत ब्राझीलला जायचं असतं ना, वेळ कुठे असतो!" उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे.

आधी वेळ मोजू. मादी रोज एक या हिशेबाने चार ते सहा अंडी घालते. पंधरा-सोळा दिवस ती उबवते. पिल्लं बाहेर आली की साधारण २८ दिवस घरट्यात राहतात, कधी त्याहून थोडी जास्त. उडाल्यावरही आठवडा-दोन आठवडे आईबाप त्यांना भरवतात. पहिल्या अंड्यापासून पिल्लं हाताबाहेर जाईपर्यंत दोन महिने सहज. म्हणजे दोन विणींना चार महिने, आणि मध्ये दमाला एक दिवस नाही.

पेनसिल्व्हेनियात मार्टिन एप्रिलमध्ये येतात. अंडी बहुधा मेच्या उत्तरार्धात. पिल्लं उडेपर्यंत जुलै उजाडतो. ऑगस्टमध्ये घरं ओस पडतात आणि हजारो पक्षी रात्रीच्या मुक्कामाला एकत्र जमायला लागतात. यात दुसरी वीण बसवायची तर पिल्लं सप्टेंबरच्या तोंडावर उडतील. बसतच नाही.

टेक्सासमध्ये मात्र पहिले पक्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत हजर असतात. आता कोणी म्हणेल, मग एवढ्या लवकर येऊन अंडी एप्रिलपर्यंत का लांबवतात? तर ही घाई अंड्यांची नसून जागेची असते. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो ना आपण, तसं. चांगली खोली धरायची, तिच्यासाठी भांडायचं, आणि किडे भरपूर होईपर्यंत थांबायचं. या पहिल्या पाहुण्यांना घरमालक 'स्काउट' म्हणतात, जणू मागच्यांसाठी पाहणी करायला आलेत. प्रत्यक्षात ते फक्त वयाने मोठे, अनुभवी पक्षी असतात आणि स्वतःपुरतं बघत असतात. मागच्यांना ते काही निरोप धाडत नाहीत.

तर दक्षिण टेक्सासमध्ये मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला अंडी, मेच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लं उडाली, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा अंडी, जुलैच्या अखेरीस दुसरी पिल्लं बाहेर. कॅलेंडरवर बसतंय. ताईच्या सात नंबरच्या तारखाही याच गणितात बसतात. म्हणूनच मी तिला 'शक्यच नाही' म्हटलं नाही.

पण कॅलेंडरवर बसतं तर मग दक्षिणेतल्या सगळ्याच माद्या दोनदा का विणत नाहीत?

यासाठी दुसऱ्या एका भिंगरीकडे बघावं लागतं. बार्न स्वॅलो, म्हणजे लांब दुभंगलेल्या शेपटीची, तांबड्या गळ्याची भिंगरी. आशियात विणणाऱ्या बार्न स्वॅलो हिवाळ्यात महाराष्ट्रात येतात. डिसेंबरात तळ्याकाठच्या तारांवर बसलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. हीच जात उत्तर अमेरिकेतही आहे. तिथली बार्न स्वॅलोसुद्धा थंडीत दक्षिण अमेरिकेपर्यंत जाते, म्हणजे प्रवास मार्टिनएवढाच लांबचा. आणि तरी ती एका हंगामात दोनदा वीण काढते, अगदी नेहमी. म्हणजे लांबचा प्रवास हे एकट्याने पुरेसं कारण नाही.

फरक पिल्लांच्या वेगात आहे. बार्न स्वॅलो दोन आठवडे उबवते आणि तिची पिल्लं तीन आठवड्यांच्या आत उडतात. मार्टिनची चार आठवडे घरट्यातच. ढोलीत किंवा बंद पोकळीत घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं सर्वसाधारणपणे सावकाश वाढतात, कारण उघड्या घरट्याच्या मानाने पोकळी सुरक्षित असते. शत्रूच्या तोंडातून पळायची घाई नसते. त्या सुरक्षिततेची किंमत वेळात मोजावी लागते. शिवाय मार्टिन वजनाने बार्न स्वॅलोच्या अडीचपट, आणि पिल्लं विसाव्या दिवसाच्या सुमारास आईबापांपेक्षाही जड होतात. मग उडण्याआधी थोडी उतरतात. पाच अशी धष्टपुष्ट पोरं महिनाभर हवेतल्या किड्यांवर पोसायची म्हणजे काय, ते मे महिन्यात भोपळ्याखाली तासभर खुर्ची टाकून बसलं की कळतं. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने चतुर घेऊन येतात, आत कोंबतात, विष्ठेची पांढरी पुडी चोचीत घेऊन जातात. असा महिना काढल्यावर लगेच दुसरा तसाच महिना काढायला अंगात ताकद लागते.

उशिराच्या पिल्लाचं भविष्य

समजा ताकद आहे आणि वेळही आहे. तरी मादीला त्यात फायदा असायला हवा. आणि फायदा अंड्यांच्या संख्येत मोजत नाहीत, पुढच्या वर्षी किती पिल्लं जिवंत परततात त्यात मोजतात.

इथे २०११ मध्ये 'द ऑक' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास कामाला येतो. पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पिल्लांच्या पायात रिंगा घालून, त्यातली कोण पुढे दिसतात ते पाहिलं गेलं. हंगामात उशिरा जन्मलेल्या पिल्लांची जगण्याची शक्यता लवकर जन्मलेल्यांपेक्षा कमी निघाली. एका घरट्यात पिल्लं जास्त असतील तरीही कमी. लवकर आलेल्याला उडायला शिकायला, वजन कमवायला, मोठ्या थव्यात मिसळायला जास्त दिवस मिळतात. उशिराच्या पोराला पंख फुटतात न फुटतात तोच मेक्सिकोच्या आखाताकडे तोंड करावं लागतं.

पुढचा प्रवासही नीट समजून घेण्यासारखा आहे. २००७ मध्ये ब्रिजेट स्टचबरी आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियात मार्टिनच्या पाठीवर उजेडाची नोंद ठेवणारी छोटी यंत्रं बांधली. रोजचा सूर्योदय-सूर्यास्त कळला की पक्षी कुठे होता हे काढता येतं. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले. शरद ऋतूत एक मार्टिन ब्राझीलला पोचायला ४३ दिवस घेतो, वाटेत युकातान द्वीपकल्पावर आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. आणि वसंतात तोच परतीचा प्रवास १३ दिवसांत उरकतो. जाताना रमतगमत, येताना धावत.

म्हणजे जाताना घाई नाही? मग थोडं उशिरा निघून दुसरी वीण का उरकत नाहीत? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. एक बाजू पिसांची आहे. भिंगरीचं सगळं आयुष्य पंखांवर, आणि ते पंख वर्षातून एकदा नवे करावे लागतात. मार्टिन उत्तरेतच पिसं झडायला सुरुवात करतात, प्रवासापुरतं थांबवतात आणि उरलेलं काम दक्षिण अमेरिकेत पूर्ण करतात. पिल्लं भरवणं आणि पिसं बदलणं एकाच वेळी करणं म्हणजे घरात रंगकाम चालू असताना लग्न काढण्यासारखं. दुसऱ्या विणीत अडकलेली मादी या रांगेत मागे पडते.

आणि टेक्सासला स्वतःची एक अडचण आहे, ती म्हणजे ऊन. जुलैत पारा चाळिशीकडे झुकतो तेव्हा बंद भोपळ्यात काय होत असेल याची कल्पना करा. उकाड्याने हैराण झालेली, अजून पंख न भरलेली पिल्लं दारातून खाली उडी टाकतात. पहिल्या विणीच्या पिल्लांना एप्रिल-मेची हवा मिळते, दुसऱ्या विणीच्या वाट्याला ही भट्टी येते. उत्तरेत थंडी दार लावते, दक्षिणेत ऊन.

हवामान बदलतंय, वसंत लवकर येतोय, तर आता दुसऱ्या विणी वाढतील का, असंही विचारतात. इतकं सरळ नाही. २०१२चा वसंत पूर्व उत्तर अमेरिकेत विक्रमी उबदार होता. केविन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी यंत्रं लावलेले मार्टिन तपासले (२०१३ मध्ये प्रसिद्ध), तर पक्षी लवकर निघालेही नव्हते आणि वाटेत वेगही वाढवला नव्हता. साहजिकच आहे. ॲमेझॉनच्या जंगलात बसलेल्या पक्ष्याला पेनसिल्व्हेनियात किडे लवकर निघालेत हे कोण सांगणार? तो निघतो तो दिवसाची लांबी आणि आतलं घड्याळ बघून. घरी स्वयंपाक लवकर झाला तरी गाडी आपल्या वेळेलाच येते.

घरटं भरलेलं दिसतं, पण कोणाचं?

आता पुन्हा सात नंबर. मेमध्ये रिकामा झालेला भोपळा जूनमध्ये भरलेला दिसला की दुसरी वीण सोडून आणखी काय काय असू शकतं?

सगळ्यात मोठी शक्यता नव्या भाडेकरूची. वर्षभराचे तरुण मार्टिन मोठ्यांच्या मागाहून कित्येक आठवड्यांनी येतात. तोवर चांगल्या खोल्या गेलेल्या असतात. एखादं कुटुंब घर सोडून गेलं की ही जोडी टपून बसलेलीच असते. लोकांना वाटतं तीच जोडी परतली. खरं तर पहिली मंडळी कधीच सामान बांधून मुक्कामाच्या झाडावर गेलेली असतात. नर नीट दिसला तर थोडा उलगडा होतो: पोट करडं, त्यावर गडद पिसांचे ठिपके असतील तर तो वर्षभराचा, म्हणजे उशिराचाच गडी. पण मोठ्या नराला नवी मादी मिळालेली असली तर रंगावरून काहीच कळत नाही.

मग नराचीच भानगड. क्वचित एक नर दोन खोल्यांवर हक्क ठेवतो आणि दोन माद्यांशी संसार मांडतो, एकीची अंडी आधी, दुसरीची नंतर. घरमालकाला तोच नर दोनदा पिल्लं भरवताना दिसतो. नराच्या हिशेबाने दोन विणी झाल्या, पण दोन्ही माद्यांनी आपापली एकेकच काढली. (या नरांच्या एकूण वागण्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. वयस्क नर तरुण नरांना शेजारी बसू देतात आणि मग त्या तरुणांच्या माद्यांशी संधान बांधतात, हे मेरीलँडमधल्या वसाहतीत १९९०च्या सुमारासच दिसून आलं होतं. चाळ म्हटली की चाळीतल्या गोष्टी आल्याच.)

आणि उडालेली पिल्लं. ती पहिले काही दिवस रात्री झोपायला वसाहतीत परततात, कधी भलत्याच भोपळ्यात घुसतात आणि तिथल्या लहान पिल्लांचा घास पळवतात. कालपर्यंत रिकाम्या दारात आज पुन्हा दोन चोची दिसल्या म्हणजे नवी वीण झाली असं नाही.

हे सगळं बाजूला सारून खात्री करायची तर एकच मार्ग: मादीच्या पायातली रिंग. पहिल्या विणीच्या वेळी तिचा क्रमांक वाचलेला हवा, पिल्लं उडाल्याची नोंद हवी, आणि दुसऱ्या अंड्यांवर बसलेल्या मादीच्या पायात तोच क्रमांक दिसायला हवा. आपल्याकडे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) हे रिंगा घालण्याचं काम कित्येक दशकं केलंय. अमेरिकेत त्याला सरकारी परवाना लागतो, घरमालकाला स्वतःच्या मर्जीने घालता येत नाही. दुर्बिणीतून वाचता यावी म्हणून मार्टिनला अक्षरं-आकडे असलेली रंगीत रिंगही घालतात. परसातल्या बहुसंख्य माद्या मात्र बिनरिंगेच्या. त्यामुळे घरमालकांच्या गप्पांमध्ये दुसऱ्या विणी पुष्कळ आणि कागदावर सिद्ध झालेल्या थोड्या, अशी स्थिती आहे. माझा कल विचाराल तर बिनरिंगेच्या मादीची दुसरी वीण मी 'शक्य' या रकान्यात टाकतो, 'झाली' या रकान्यात नाही. काही जणांना हे फार काटेकोर वाटतं.

पण रिंग नसली तरी वही हवी. आठवड्यातून एकदा भोपळे खाली घेऊन अंडी-पिल्लं मोजणं, तारखा लिहिणं, पिल्लांचं वय अंदाजाने टिपणं, हे जे घरमालक करतात त्यांना निदान दुबार पेरणी आणि दुसरं पीक यांतला फरक तरी सांगता येतो. पहिली पिल्लं खरंच उडाली की सापाने नेली, हे तारखांवरून कळतं: दहा दिवसांची पिल्लं अचानक गायब झाली तर ती उडालेली नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी इथली पर्पल मार्टिन कन्झर्व्हेशन असोसिएशन घरमालकांकडून अशा नोंदी मागवते. मात्र पिल्लं तीन आठवड्यांच्या पुढे गेली की आत डोकावायचं थांबवायचं असतं. घाबरून ती वेळेआधी बाहेर पडतात आणि मग परत आत जाणं त्यांना जमत नाही.

दुसरी वीण व्हावी म्हणून घरमालकाने काय करावं, असंही ताईने विचारलं होतं. करण्यासारखं थोडंच आहे. जुन्या घरट्यात पिल्लांचं रक्त पिणारे बारीक किडे आणि माश्यांच्या अळ्या साठलेल्या असतात, त्यामुळे पिल्लं उडून गेल्याची खात्री झाली की तो भोपळा साफ करून आत लाकडाचा कोरडा भुसा टाकावा. उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून भोपळे पांढरे असावेत, हवा खेळायला भोकं असावीत. खांबावरचा सापाचा अडसर जूननंतरही काढू नये. बाकी पक्ष्याच्या हातात.

न करण्यासारखी एक गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. जुलैत वसाहत शांत झाली की बरेच घरमालक चिमण्या आणि स्टार्लिंग पक्षी शिरू नयेत म्हणून सगळी घरं उतरवून धुवून ठेवतात. त्या गडबडीत एखाद्या भोपळ्यात उशिराची अंडी असतात. ती दुसऱ्या विणीची आहेत की दुबार पेरणीची की उशिरा आलेल्या नवख्या जोडीची, हे त्या क्षणी गौण आहे. स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या १९१८च्या कायद्याने अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं गुन्हा ठरतो, आणि कायदा नसता तरी काय. उतरवण्याआधी प्रत्येक भोपळ्यात बघायचं, एकही भरलेला असेल तर सगळा खांब जागच्या जागी ठेवायचा. मार्टिनला शेजार लागतो. सगळी घरं काढून एकच ठेवलं तर ते घर मार्टिनला घर वाटत नाही आणि ससाण्याला मात्र सोपं पडतं.

ताईने खांब ठेवला. जुलैत ती दुपारी तीन वाजता भोपळ्याला सावली पडावी म्हणून छत्री बांधायच्या विचारात होती, शेजारच्या आजोबांनी तो बेत हाणून पाडला. चारपैकी तीन पिल्लं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उडाली. चौथं आत वाळून मेलेलं सापडलं. त्याचा फोटो तिने पाठवला नाही, फक्त सांगितलं. मादीचे पाय तिने दुर्बिणीतून निरखून पाहिले होते. मोकळे होते.

येत्या वसंतात आजोबांच्या ओळखीचे एक परवानाधारक दोन्ही परसांत रिंगा घालायला येणार आहेत. तोवर तिच्या वहीत सात नंबरापुढे लिहिलंय, 'दुसरी वीण', आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते तिचं तिनेच घातलं. मी काही बोललो नव्हतो.